चेंडू कोठे पडणार?



सॉफ्टबॉलचा खेळ तुमच्यापैकी काहींनी शालेय स्पर्धांमध्ये पाहिला असेल, काहींनी खेळलाही असेल. या खेळाचे मूळ घर म्हणजे अमेरिका. तेथे तो खेळणाऱ्यांत नामांकित खेळाडू थोडे आणि हौशी मंडळी फार. कोणी बँकेत कारकून असते, कोणी शाळेत शिकवते, कोणी गाड्या दुरुस्त करते. ही मंडळी आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या उद्यानात जमतात आणि पुरुष व स्त्रिया मिळून संघ करून खेळतात. वसंतात सुरू झालेला हा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात संपत येतो. तोवर झाडांची पाने पिवळी पडलेली असतात, हवेत गारवा आलेला असतो आणि दिवस लहान झालेला असतो. शिकागोत जुलैच्या आरंभी सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या आरंभी तो साडेसहाच्या सुमारासच मावळतो.

अशाच एका सामन्याची आपण कल्पना करू या. ठिकाण शिकागोजवळचे एक लहान उद्यान. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सायंकाळचे साडेपाच वाजलेले, तापमान १० अंश सेल्सिअस. सातवा म्हणजे शेवटचा डाव चालू आहे. क्षेत्ररक्षण करणारा संघ एका धावेने पुढे आहे. समोरच्या संघाचे दोन गडी बाद झाले आहेत, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे खेळाडू धावण्याच्या तयारीत उभे आहेत. फटका बसतो आणि चेंडू उंच उडून मैदानाच्या मागच्या टोकाकडे निघतो. तेथे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षक बाईंनी तो झेलला तर सामना जिंकला. झेल सुटला तर दोन्ही धावा निघणार आणि सामना हातचा जाणार. चेंडू हवेत राहणार आहे जेमतेम तीन सेकंद. तेवढ्यात बाईंना ठरवायचे आहे की पुढे धावायचे, मागे धावायचे, की जागीच उभे राहायचे.

चेंडू कोठे पडणार हे त्यांना कळते तरी कसे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात तुमच्या पाठ्यपुस्तकातील गतिविज्ञान, त्रिकोणमिती आणि थोडे वायूंचे नियम असे सारेच एकत्र येते.

पुस्तकी हिशेब आणि हवा

प्रथम पुस्तकातील पद्धतीने हिशेब करू. चेंडू बॅटवरून सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने सुटला आणि जमिनीशी त्याने ३० अंशांचा कोन केला असे धरू. हौशी पण तगड्या फलंदाजाला हे जमण्यासारखे आहे. प्रक्षेपित वस्तूचा पल्ला काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला दुप्पट कोनाच्या साइनने गुणायचे आणि गुरुत्वत्वरणाने भागायचे.

पल्ला = ३६ × ३६ × ०.८६६ ÷ ९.८ = सुमारे ११५ मीटर.

आता मैदानावर जाऊन टेप लावून पाहिलेत तर असा फटका ७० मीटरच्या आसपास पडलेला आढळेल. ४५ मीटर कोठे गेले? ते हवेने खाल्ले. पाठ्यपुस्तकात 'हवेचा अवरोध नगण्य मानून' असे एक छोटे वाक्य असते. लोखंडी गोळ्याच्या बाबतीत ते चालून जाते, पण सॉफ्टबॉलच्या बाबतीत मुळीच चालत नाही.

नाव 'सॉफ्टबॉल' असले तरी हा चेंडू मऊ नसतो बरे का! मात्र तो मोठा असतो. त्याचा परीघ १२ इंच, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर, व्यास सुमारे ९.७ सेंटिमीटर, वस्तुमान १७८ ते १९८ ग्रॅम. तुमच्या ओळखीच्या क्रिकेटच्या चेंडूशी तुलना करा. त्याचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर आणि वस्तुमान साधारण १६० ग्रॅम. वाऱ्याला सामोरे जाणारे वर्तुळाकार क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा सॉफ्टबॉलचे हे क्षेत्रफळ क्रिकेटच्या चेंडूच्या जवळजवळ १.८ पट झाले, आणि वस्तुमान मात्र १.२ पट. म्हणजेच, इतर गोष्टी सारख्या असतील तर एकाच वेगाने सुटलेल्या या दोन चेंडूंपैकी सॉफ्टबॉलचा वेग हवा दीडपट झपाट्याने कमी करते.

आणि हे मुद्दामच केलेले आहे. या खेळाचा जन्म थंडीच्या दिवसांत, चार भिंतींच्या आत झाला. २४ नोव्हेंबर १८८७ रोजी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबच्या व्यायामशाळेत काही तरुण एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळल्यावर गंमतीत एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी त्यातूनच घरात खेळायचा बेसबॉल बसवला. लहान जागेत चेंडू फार दूर जाऊन चालणार नव्हते, म्हणून मोठा चेंडू आला. 'सॉफ्टबॉल' हे नाव मागाहूनचे. ते १९२६ साली वॉल्टर हकान्सन यांनी सुचवले. शिकागोत तर आजही १६ इंच परिघाच्या चेंडूने, हातमोजे न घालता खेळण्याची खास रीत आहे.

हवेचा अवरोध किती असतो तेही काढून पाहू. हा अवरोध हवेची घनता, चेंडूचे छेदक्षेत्र आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असतो. शिवाय चेंडूच्या आकारावर व पृष्ठभागावर अवलंबून असलेला एक गुणांक असतो, तो आपण ०.४ धरू.

अवरोध = ½ × ०.४ × १.१६ × ०.००७४ × ३६ × ३६ = सुमारे २.२ न्यूटन.

येथे १.१६ ही उन्हाळ्यातील हवेची घनता (किलोग्रॅम प्रति घनमीटर) आणि ०.००७४ हे चेंडूचे छेदक्षेत्र (चौरस मीटर) आहे. १९० ग्रॅमच्या चेंडूचे वजन भरते १.८६ न्यूटन. म्हणजे बॅटवरून सुटताना चेंडूला पृथ्वी जितक्या जोराने खाली ओढते त्याहून अधिक जोराने हवा त्याला मागे ढकलते! जे बल वजनापेक्षाही मोठे आहे त्याला नगण्य कसे म्हणायचे? शिक्षकांना विनंती अशी की प्रक्षेपित गती शिकवताना हे एक उदाहरण फळ्यावर अवश्य घ्यावे. अन्वस्त हा आकार सुंदर खरा, पण तो निर्वात जागेतला. मैदानावरचा चेंडू चढताना लांबट आणि उतरताना अधिक तीव्र अशा वाकड्या वाटेने जातो.

थंडीने काय केले?

आता ऑक्टोबरकडे वळू. जुलैत याच मैदानावर ३० अंश तापमान होते, आज १० आहे. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्व्हिन आणि १० अंश म्हणजे २८३ केल्व्हिन. ३०३ ला २८३ ने भागले की १.०७ येतात. म्हणजे आजची हवा जुलैतल्या हवेपेक्षा सात टक्क्यांनी दाट आहे.

यात आणखी एक भर आहे, आणि ती बहुतेकांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. उन्हाळ्यात तेथील हवा दमट असते. 'दमट हवा जड असते, त्यात चेंडू अडतो' असे खेळाडू सर्रास म्हणतात. आपण रसायनशास्त्राला विचारू. एकाच तापमानाच्या आणि दाबाच्या समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हा अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम. नायट्रोजनचा रेणुभार २८, ऑक्सिजनचा ३२ आणि पाण्याच्या वाफेचा अवघा १८. हवेत वाफ शिरली म्हणजे २८ किंवा ३२ भाराचा रेणू जाऊन त्या जागी १८ भाराचा रेणू आला. तेव्हा दमट हवा जड नसून हलकी असते! घामाने अंग चिकट होते म्हणून आपल्याला ती जड वाटते, एवढेच. जुलैतील दमटपणामुळे घनता आणखी सुमारे एक टक्क्याने कमी झालेली होती. ती धरून आजची हवा जवळजवळ आठ टक्के दाट आहे.

आठ टक्के दाट हवेत चेंडू किती आखूड पडेल? हा हिशेब एका सूत्रात बसत नाही. उड्डाणाचे छोटे छोटे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात वेग किती घटला ते काढत पुढे जावे लागते. मी तो तसा केला. तोच वेग आणि तोच कोन ठेवून जुलैतला चेंडू सुमारे ७०.५ मीटरवर पडतो आणि ऑक्टोबरातला सुमारे ६८.५ मीटरवर. फरक फक्त दोन मीटरांचा! घनता आठ टक्क्यांनी वाढली तरी पल्ला तीन टक्क्यांनीसुद्धा घटला नाही. याचे कारण असे की दाट हवेत चेंडूचा वेग लवकर कमी होतो, आणि वेग कमी झाला की त्याच्या वर्गाबरोबर अवरोधही घटतो. हवा एका हाताने घेते आणि दुसऱ्या हाताने थोडे परत करते.

खेळाडूंच्या गप्पांत मात्र थंडीवर याहून कितीतरी मोठे खापर फोडले जाते. खरे तर ताशी १० किलोमीटरचा मंद वारा पाठीमागून आला तरी चार-पाच मीटरांचा फरक पडतो; २० अंशांच्या थंडीपेक्षा एवढासा वारा भारी ठरतो. पण दोन मीटर म्हणजे काहीच नाही असेही समजू नका. झेल आणि सुटलेला झेल यांच्यात बहुधा एवढेच अंतर असते.

थंडीचा आणखी एक परिणाम आहे, तो पल्ल्याचा नव्हे तर सुरक्षिततेचा. आजच्या सॉफ्टबॉलचा गाभा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा असतो आणि तो थंडीत ताठ होतो. अशा टणक चेंडूने कंपोझिट बॅटींना तडे जातात, म्हणून थंडीत त्या वापरू नका असे त्या बनवणारेच सांगतात. बॅटींची शक्ती किती असावी यालाही मर्यादा घातलेली आहे: अमेरिकेतील अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने २००४ च्या आपल्या मानकात फटकावलेल्या चेंडूच्या वेगाची मर्यादा ताशी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर ठरवली. हौशी मंडळी जो संथ चेंडूचा प्रकार खेळतात त्यात पिचर ५० फुटांवर, म्हणजे १५.२ मीटरवर उभा असतो. या कमाल वेगाचा चेंडू थेट त्याच्याकडे आला तर त्याला किती वेळ मिळेल? १५.२ भागिले ४३.८, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलू लागेपर्यंतच ०.२ सेकंदांच्या आसपास वेळ जातो. तेव्हा पिचरने तोंडावर जाळी बांधलेली दिसली तर त्याला भित्रा म्हणू नका.

असो. आपण आपल्या क्षेत्ररक्षक बाईंकडे परत जाऊ.

डोळा काय मोजतो?

बाईंना चेंडूचा वेग ठाऊक नाही, कोन ठाऊक नाही, हवेची घनता तर नाहीच. साठ-सत्तर मीटरवरून येणारा चेंडू नेमका किती दूर आहे हेही डोळ्यांना धड कळत नाही, कारण दोन डोळ्यांमधले अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटरच असते आणि इतक्या लांबच्या वस्तूसाठी ते पुरत नाही. मग कळते तरी काय? चेंडू क्षितिजापासून किती वर दिसतो, एवढे कळते. म्हणजेच त्रिकोणमितीतला उन्नत कोन.

१९६८ साली सेव्हिल चॅपमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने या कोनाविषयी एक फार सुंदर गोष्ट दाखवून दिली. ती समजायला नववी-दहावीचे गणित पुरते. पेन्सिल हाती घ्या.

तात्पुरती हवा विसरू. चेंडूच्या एकूण उड्डाणाला 'ट' सेकंद लागतात, त्याचा क्षितिजसमांतर वेग 'व' आहे आणि गुरुत्वत्वरण 'ग' आहे. चेंडू सुटून 'क' सेकंद झाले आहेत. चेंडू वर जायला ट चा निम्मा वेळ घेतो, म्हणून त्याचा सुरुवातीचा ऊर्ध्व वेग ½ × ग × ट असला पाहिजे. यावरून क सेकंदांनंतरची उंची अशी येते:

उंची = ½ × ग × ट × क − ½ × ग × क × क = ½ × ग × क × (ट − क).

क्षेत्ररक्षक नेमकी चेंडू पडणार त्याच जागी उभी आहे असे माना. तिच्यापासून चेंडूचे आडवे अंतर म्हणजे उरलेल्या वेळात चेंडू जेवढे जाणार तेवढे:

अंतर = व × (ट − क).

उन्नत कोनाचा टॅन म्हणजे उंची भागिले अंतर. भागाकार करताना (ट − क) वर आणि खाली, दोन्हीकडे कटून जाते आणि उरते ते असे:

टॅन = (ग ÷ २व) × क.

नीट पाहा. ग कायम, व कायम. उरला फक्त काळ. म्हणजे तुम्ही योग्य जागी उभे असाल तर चेंडूच्या उन्नत कोनाचा टॅन अगदी एकसारख्या गतीने वाढत जातो. चेंडू वर चढत असो की खाली उतरत असो, तुमच्या डोळ्यांना तो एकाच चालीने जिना चढत असल्यासारखा दिसतो!

पण आपण हवा विसरलो होतो आणि सॉफ्टबॉलच्या बाबतीत तसे चालत नाही असे मीच वर बजावले. म्हणून जुलैतल्या चेंडूच्या हवेसकटच्या हिशेबावरून टॅनच्या किंमती काढल्या. डोळ्यांच्या उंचीला हा चेंडू बॅटरपासून सुमारे ६९ मीटरवर येतो. क्षेत्ररक्षक तेथेच उभी असेल तर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, म्हणजे ०.५, १, १.५, २ आणि २.५ सेकंदांना, टॅनच्या किंमती अशा येतात:

०.१३, ०.२६, ०.४०, ०.५४, ०.६८.

प्रत्येक पायरी ०.१३ किंवा ०.१४ ची! हवेने पल्ला ११५ वरून ७० वर आणला, वाट वेडीवाकडी केली, तरी हा गुण जवळजवळ तसाच राहिला. हे उत्तर पाहून मलाही आनंद झाला. दाट हवा चेंडूचा आडवा वेग घटवते आणि त्याचबरोबर त्याची उंचीही घटवते; दोन्ही दोष एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात.

आता क्षेत्ररक्षक दहा मीटर अधिक मागे उभी असेल तर काय दिसेल? त्याच वेळांना किंमती येतात ०.११, ०.२१, ०.३०, ०.३६, ०.३६. पायऱ्या लहान लहान होत गेल्या आणि शेवटी चेंडू चढायचाच थांबला. यानंतर तो खाली येऊन तिच्यापुढे पडणार. उलट ती दहा मीटर अधिक पुढे असेल तर किंमती ०.१६, ०.३४, ०.५८, १.०४ अशा येतात आणि अडीच सेकंदांना तर एकदम ६ च्या पुढे. पायऱ्या मोठ्या मोठ्या होत चेंडू डोक्यावरून निघून जाणार.

तेव्हा बाईंना गणित करावे लागत नाही. चेंडूचे चढणे मंदावते आहे असे दिसले की पुढे धावायचे, त्याला वेग येतो आहे असे दिसले की मागे. आणि धावायचे ते अशा बेताने की चढण्याची चाल एकसारखी राहील. ती तशी राखता आली की चेंडू आपोआप हातात येतो. पडण्याची जागा आधी ठाऊक असण्याची गरजच नाही.

ऑक्टोबरातली फसगत

पण खेळाडूला सवय नावाची गोष्ट असते. मे-जूनपासून हजार झेल घेतलेले असतात. बॅटचा आवाज आणि चेंडू सुटण्याची ढब यांवरून 'हा तेथे पडणार' असे मनात उमटते आणि पाय तेथे पोहोचतातही. आपल्या बाई जुलैच्या सवयीने ६९ मीटरवर जाऊन उभ्या राहिल्या आहेत असे समजा. आजचा चेंडू मात्र डोळ्यांच्या उंचीला सुमारे ६७.५ मीटरवर येणार आहे, आणि तेथून खाली आणखी थोडा पुढे जाऊन पडणार. त्यांना काय दिसेल?

०.१३, ०.२५, ०.३८, ०.५०, ०.५९.

पहिल्या दोन सेकंदांत पायऱ्या जवळजवळ सारख्या आहेत. सारे ठीक चालले आहे असेच डोळे सांगतात. खोट दिसते ती शेवटच्या पायरीला, दोन सेकंद उलटून गेल्यावर. त्यानंतर हातात राहतो सेकंदाहून थोडा अधिक वेळ. जिची नजर अजून चेंडूवर आहे तिला दोन पावले पुढे टाकायला तो पुरतो. जी 'आलाच आता' म्हणून हातमोजा उघडून जागेवर थांबली तिच्या पायांपुढे चेंडू पडतो.

त्यातच सूर्याची भर. बेसबॉलच्या नियमांत अशी शिफारस आहे की होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे मावळता सूर्य बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. सॉफ्टबॉलची पुष्कळ मैदानेही याच बेताने आखलेली असतात. बॅटरची सोय झाली, पण मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांचे तोंड नेमके पश्चिम-नैऋत्येकडे आले. ऑक्टोबरच्या आरंभी शिकागोत सूर्यास्तापूर्वी तासभर सूर्य याच दिशेला, क्षितिजापासून दहाएक अंशांवर असतो. दहा अंशांचा टॅन ०.१८. वरच्या किंमती पुन्हा पाहा: चेंडूचा टॅन ०.१३ वरून ०.२५ वर जातो तो सुटल्यानंतरच्या अर्ध्या आणि एका सेकंदाच्या दरम्यान. म्हणजे सुमारे ०.७ सेकंदांना चेंडू थेट सूर्यबिंबावरून जाणार. जुलैत याच वेळी सूर्य बराच वर असतो आणि ही अडचण येत नाही. चढण्याची चाल ओळखायची वेळ आणि डोळे दिपण्याची वेळ एकच! म्हणून जाणते क्षेत्ररक्षक हातमोजा डोळ्यांपुढे धरून सूर्य झाकतात किंवा एखादे पाऊल बाजूला सरकून उभे राहतात. बाजूला सरकले की चेंडूची वाट सूर्यावरून न जाता त्याच्या शेजारून जाते.

बाईंनी झेल घेतला का, असे तुम्ही विचाराल. त्या दुसऱ्या सेकंदानंतरही चेंडूकडे पाहत राहिल्या असतील तर घेतला. दोन मीटरांसाठी सव्वा सेकंद पुरेसा आहे.

चॅपमन यांचे हे तत्त्व सर्वांना पूर्णपणे पटलेले नाही, हेही सांगायला हवे. चेंडू नेहमी नाकासमोर थोडाच येतो? तो बहुधा डावीकडे किंवा उजवीकडे जातो. १९९५ साली मॅकबेथ, शॅफर आणि कायझर या संशोधकांनी असे मांडले की बाजूला जाणारा चेंडू पकडताना क्षेत्ररक्षक अशा वक्र वाटेने धावतो की दृष्टीच्या पडद्यावर चेंडूचा मार्ग सरळ रेषेत राहावा. या दोन मतांपैकी अधिक बरोबर कोणते, यावर पुढेही वाद होत राहिला. एका गोष्टीवर मात्र दोघेही एकमत आहेत: क्षेत्ररक्षक पडण्याची जागा आधी मोजून तेथे जात नाही, तो चेंडूचे दिसणे सांभाळत धावतो.

घरच्या घरी पडताळा

हे सारे तुम्हाला शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. सॉफ्टबॉल नको, टेनिसचा चेंडू आणि चित्रफीत घेणारा मोबाइल पुरे. मोबाइल उभा, हलणार नाही असा, खांद्याच्या उंचीवर बसवा. त्याचे भिंग अगदी क्षितिजसमांतर रोखलेले हवे. अशा कॅमेऱ्याच्या पडद्यावर एखादी वस्तू मध्यरेषेच्या जितकी वर दिसते ती उंची उन्नत कोनाच्या टॅनच्याच प्रमाणात असते. म्हणजे टॅन काढण्याचे काम कॅमेराच करून देतो. मोजपट्टी तयार करण्यासाठी दहा मीटरवरच्या भिंतीवर कॅमेऱ्याच्या उंचीला एक खूण करा आणि तिच्या वर एक मीटरवर दुसरी. पडद्यावर या दोन खुणांतले अंतर म्हणजे टॅनचे ०.१.

आता मित्राला वीस मीटरवर उभे करा आणि त्याला कॅमेऱ्याच्या दिशेने, साधारण २०-२५ अंशांच्या कोनात चेंडू टाकायला सांगा. दुसरा एक मित्र मोबाइलच्या एक हात पुढे, थोडा बाजूला उभा राहून शेवटच्या क्षणी चेंडू अडवील. मोबाइल वडिलांचा असेल तर या दुसऱ्या मित्राची निवड विशेष काळजीने करावी. पाच-सात वेळा टाकल्यावर एखादा चेंडू नेमका भिंगाच्या रोखाने येईल. चित्रफीत सेकंदाला ३० चित्रांची असेल तर प्रत्येक सहावे चित्र थांबवून पडद्यावर चेंडूची उंची पट्टीने मोजा. हे ०.२ सेकंदाचे टप्पे झाले. आलेखकागदावर आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर टॅन घ्या.

चेंडू भिंगाकडे आला असेल तर बिंदू एका सरळ रेषेत पडतील. पुढे पडलेल्या आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूंचे आलेखही त्याच कागदावर काढा. एक खाली वाकेल, दुसरा वर. सरळ रेषेचा चढ म्हणजे ग ÷ २व. तो सेकंदाला ०.३३ आला तर व = ९.८ ÷ ०.६६, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. एवढ्या मोजणीवरून मित्राने टाकलेल्या चेंडूचा क्षितिजसमांतर वेग तुम्हाला मिळाला, तोही त्याच्या बाजूला न जाता, चेंडू येईल त्या जागी उभे राहून.